खिडकीतली शिरगणती



आज विषय मोजणीचा आहे. सैन्यात असताना जवान, काडतुसं, खेचरं, रॉकेलचे डबे असं काय काय मोजलं, पण आज बोलायचं आहे ते पाखरं मोजण्याबद्दल. अमेरिका आणि कॅनडात दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात वीस हजारांहून अधिक माणसं आपल्या घराच्या खिडकीशी बसतात, अंगणात दाणे टिपायला आलेले पक्षी मोजतात आणि ते आकडे शास्त्रज्ञांकडे पाठवतात. या उपक्रमाचं नाव ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ‘बर्ड्स कॅनडा’ ही संस्था मिळून तो चालवतात. मोजणाऱ्यांना दमडी मिळत नाही. उलट अमेरिकेत ही मंडळी वर्षाची वर्गणी भरतात आणि मुख्यतः त्याच पैशांवर काम चालतं. दाणे स्वतःच्या खर्चाचे, वेळ स्वतःचा आणि वर वर्गणीही स्वतःचीच!

मागे एकदा मी याचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा आपल्या एका श्रोत्यांनी मला सरळ विचारलं, “कर्नलसाहेब, हा रिकामटेकड्या पेन्शनरांचा विरंगुळा आहे. याला विज्ञान कशाला म्हणता?” प्रश्न रास्त आहे. मोजणारा अप्रशिक्षित, जागा त्याच्या सोयीची, वेळ त्याच्या सवडीची. अशा आकड्यांवर शास्त्रज्ञांनी विसंबावं कसं? आजचं सगळं बोलणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर समजा.

आधी तिकडचं अंगण डोळ्यांसमोर आणू. न्यूयॉर्क राज्यात मुलीकडे मी दोन हिवाळे काढलेत. बाहेर गुडघाभर बर्फ, साडेचारला अंधार, आणि खिडकीबाहेर लोखंडी आकड्याला टांगलेली एक पारदर्शक नळी. नळीला भोकं, भोकांखाली बसायला दांड्या, आत सूर्यफुलाच्या काळ्या बिया. हा फीडर. शेजारी जाळीत चरबीची वडी, ती सुतार पक्ष्यांसाठी. आणि तिसऱ्या बारीक जाळीच्या पिशवीत काळं, टोकदार, ओळखीचं बी. हातात घेऊन पाहिलं तर आपले कारळे! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, आमच्या महूकडे ज्याला रामतील म्हणतात, तेच. तिकडे ते ‘नायजर’ नावाने विकतात. इथिओपिया आणि भारतातून ते तिथे जातं, आणि परक्या मुलखात तण माजू नये म्हणून उगवणार नाही इतकं तापवून मगच बाजारात येतं. एवढासा पिवळा गोल्डफिंच बर्फात बसून आपले कारळे सोलतोय, हे दृश्य पाहून मला उगाचच बरं वाटलं होतं.

या मोजणीची सुरुवात कॅनडाची. १९७६ साली ओंटारियो प्रांतातल्या लाँग पॉइंट पक्षी वेधशाळेत एरिका डन या शास्त्रज्ञ होत्या. उन्हाळ्यात पक्षी मोजायच्या रीती होत्या, पण कडाक्याच्या थंडीत रानात जाऊन आठवड्यामागून आठवडे मोजणार कोण? त्यांच्या लक्षात आलं की हिवाळ्यात पक्षीच माणसाच्या अंगणात येतात आणि माणूस तर घरातच असतो. मग त्याच्याकडूनच मोजून घ्यावेत. दहा वर्षं हे काम ओंटारियोपुरतं चाललं. पुढे कॉर्नेलची साथ मिळाली आणि १९८७-८८ च्या हिवाळ्यात ते खंडभर सुरू झालं. पहिल्याच वर्षी चार हजारांवर लोकांनी नावं नोंदवली. तेव्हा कागदी तक्ते भरून टपालाने पाठवत, आता फोनवर भरतात.

आता नियम. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे.

पहिला नियम असा की एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहायची. समजा सकाळी आठला तीन जुन्को आले, दहाला सात, दुपारी चार. तर दिवसाचा आकडा चौदा नाही, सात. कारण दुपारचे चार हे सकाळच्या सातांपैकीच असू शकतात. तुम्ही म्हणाल, यात काही पक्षी सुटतील. सुटतीलच! पण बेरीज केली तर एकच हावरट पक्षी दहा वेळा येऊन दहा होईल, आणि किती वेळा आला हे तुम्ही खिडकीशी किती बसलात यावर ठरेल. जास्तीत जास्त संख्या लिहिली की आकडा खऱ्यापेक्षा कमी भरतो, पण सगळ्यांकडे एकाच रीतीने कमी भरतो. वर्षांची तुलना करायला तेवढं पुरतं. हा नियम किती कडक आहे बघा. कार्डिनल पक्ष्याचा नर लालभडक, मादी तपकिरी. सकाळी नर आला, दुपारी मादी आली, तर दोन वेगळे पक्षी हे आंधळ्यालाही कळेल. तरी लिहायचा एक. कारण चिकडीसारख्या पक्ष्यांत नर-मादी सारखेच दिसतात. कार्डिनलना वेगळी सवलत दिली तर कागदावर त्यांचीच संख्या फुगेल.

दुसरा नियम दिवसांचा. लागोपाठ दोन दिवस मोजायचं, मग निदान पाच दिवस थांबायचं. आणि मोजायचे दिवस आधीच ठरवायचे. हे का? माणसाचा स्वभाव असा की दुर्मिळ पाहुणा आला की वही काढतो आणि चार चिमण्या असल्या की ‘आज राहू दे’ म्हणतो. तसं होऊ दिलं तर सगळा खंड दुर्मिळ पक्ष्यांनी भरलेला दिसेल. म्हणून दिवस ठरलेला, जागा ठरलेली, किती तास पाहिलं तेही लिहायचं, थंडी किती, बर्फ किती तेही. आणि मोजायचे ते फक्त तुमच्या दाण्यापाण्याला किंवा झाडझुडपांना भुलून आलेले. वरून उडत गेलेले हंस-बदक मोजायचे नाहीत. मात्र फीडरवरच्या पाखरांवर टपून शिक्रा जातीचा ससाणा आला तर तो मोजायचा. तोही खायलाच आलाय, फक्त त्याचं ताट वेगळं.

यातून तिसरी गोष्ट आपोआप येते आणि ती मला फौजी म्हणून सर्वांत जास्त पटते. काही दिसलं नाही तर तेही कळवायचं. गस्तीवरून परतलेल्या तुकडीला आम्ही ‘निल रिपोर्ट’ द्यायला लावायचो. तरुण जवानांना तो कंटाळवाणा वाटे. पण ज्या चौकीकडून काहीच खबर नाही, तिच्याबद्दल मुख्यालयाला काहीच कळत नाही. जिचा ‘निल’ आला, तिच्यासमोरचा मुलूख निदान त्या रात्री रिकामा होता एवढं पक्कं कळतं. पक्ष्यांचंही तेच. ‘गेल्या वर्षी होता, यंदा नाही’ हे सांगायचं तर यंदा कोणीतरी पाहत होतं हे आधी सिद्ध व्हायला हवं. हौशी पक्षिनिरीक्षकाची वही बहुधा ‘काय दिसलं’ याने भरलेली असते. फीडरवॉचच्या तक्त्यात ‘काय दिसलं नाही’ तेही असतं.

ओळखण्यात चुका होतात का? होतात. डाउनी आणि हेअरी हे तिकडचे दोन सुतार पक्षी रंगाने जुळे भाऊ, फरक आकाराचा आणि चोचीच्या लांबीचा. त्यावर किती जण फसतात ते विचारू नका. पण एखाद्या प्रदेशात त्या ऋतूत न शोभणारा पक्षी किंवा अवाच्या सव्वा आकडा कोणी भरला की संगणक तो बाजूला काढतो आणि जाणकार माणूस फोटो मागतो, विचारपूस करतो. मोजणारे मुख्यतः उपनगरांत राहतात, घनदाट रानातलं चित्र यातून येत नाही, ही उणीव मात्र राहतेच. शास्त्रज्ञही ती धरूनच हिशेब करतात.

आता या आकड्यांनी केलं काय ते सांगतो. सगळ्यात मोठी हकिगत हाऊस फिंचची.

हा चिमणीएवढा, छातीवर लाली असलेला पक्षी मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागातला. न्यूयॉर्कचे पक्षी विकणारे दुकानदार त्याला ‘हॉलिवूड फिंच’ म्हणून पिंजऱ्यात विकत. ते बेकायदा होतं. १९४० साली कारवाईची चाहूल लागली तेव्हा काहींनी पिंजरे उघडले आणि पक्षी लाँग आयलंडवर सोडून दिले. त्या मूठभर पक्ष्यांची प्रजा पन्नास वर्षांत पूर्व अमेरिकाभर पसरली. दारोदारच्या फीडरवर तीच.

१९९४ च्या सुरुवातीला राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये, खिडकीतून पाहणाऱ्यांना काही विचित्र दिसू लागलं. फिंचचे डोळे सुजलेले, खपल्या धरलेले. पक्षी फीडरवरच बसून राहतो, माणूस जवळ गेला तरी उडत नाही, कारण त्याला दिसतच नाही. तपासात निघाला कोंबड्यांचा जंतू, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना तो चांगला माहीत आहे, ‘सीआरडी’ म्हणतात तो आजार यानेच होतो. कोंबड्यांचा हा रोग रानपाखरांत शिरला होता.

एखादा रोग कुठे कधी पोहोचला हे रानातल्या प्राण्यांत बहुधा कळतच नाही. कळतं तेव्हा साथ होऊन गेलेली असते. इथे मात्र हजारो चौक्या आधीच मांडून बसल्या होत्या. कॉर्नेलने नोव्हेंबर १९९४ मध्ये लगेच वेगळं सर्वेक्षण सुरू केलं. निरोगी किती दिसले, आजारी किती, आणि फिंच आलेच नाहीत तर तेही कळवा. साथ राज्यामागून राज्य ओलांडत गेली आणि तिचा प्रवास महिन्यामहिन्याने नकाशावर उतरला. तीन-चार वर्षांत ती पूर्व अमेरिकाभर पोहोचली. पुढे या नोंदींच्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. जिथे फिंचची दाटी जास्त होती तिथे घटही जास्त झाली, आणि काही वर्षांत सगळीकडची संख्या साधारण एकाच कमी पातळीवर येऊन टेकली. दाटी असेल तिथे साथ जास्त मारते हे आपण कोविडमध्ये अंगावर काढलंय, पण रान-पाखरांत आकड्यांनिशी ते दाखवता येणं सोपं नव्हतं.

आणि इथेच गोष्ट अडचणीची होते. कारण साथ पसरायला एक कारण फीडर हेच होतं. आजारी पक्षी ज्या भोकात तोंड घालतो, त्याच भोकात पाच मिनिटांनी निरोगी पक्षी तोंड घालतो. जे पक्षी फीडरवर जास्त वेळ काढतात ते रोग घेतात आणि देतातही जास्त, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. ज्या प्रेमाने माणसं दाणे टांगतात, त्या प्रेमातच धोका. म्हणून फीडरवॉचवाले मोजणीइतकाच आग्रह सफाईचा धरतात. दर दोन आठवड्यांनी फीडर घासून धुवा, ब्लीचचं सौम्य पाणी वापरा, पूर्ण वाळू द्या, खाली सांडलेलं सडकं धान्य उचला, आणि आजारी पक्षी दिसला तर फीडर काही दिवस उतरवून ठेवा. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन नावाच्या छोट्या पाखरांत साल्मोनेलाची साथ आली तेव्हा काही राज्यांच्या वन्यजीव विभागांनी लोकांना सरळ सांगितलं, फीडर काढा. लोकांनी काढले. मोजणी बुडाली तर बुडू दे.

हा पाइन सिस्किन मोठा गमतीचा पक्षी. उत्तरेच्या सूचिपर्णी रानात राहतो, शंकूंमधल्या बिया खातो. काही हिवाळ्यांत एकही दिसत नाही, आणि एखाद्या हिवाळ्यात दक्षिणेकडे थव्यांचा पूर लोटतो. कारण ढोबळपणे माहीत होतं. ही झाडं आपल्या आंब्यासारखीच, एका वर्षी बहर, दुसऱ्या वर्षी रिकामी. बी नाही, की पक्षी पोटासाठी निघाले. पण हजारो किलोमीटरवरची झाडं एकदम का रिकामी जातात? २०१५ साली शास्त्रज्ञांनी फीडरवॉचच्या वीस लाखांहून अधिक सिस्किन-नोंदी हवामानाच्या आकड्यांशेजारी ठेवल्या. तेव्हा दिसलं की खंडाच्या एका भागात हवा झाडांना मानवते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती बिघडलेली असते, तराजूच्या दोन पारड्यांसारखी, आणि ही हालचाल थवे निघण्याच्या जवळपास दोन वर्षं आधी सुरू झालेली असते. एखाद्या आजीबाईंनी १९९१ च्या जानेवारीत लिहिलेला ‘सिस्किन ० ’ हा आकडा या हिशेबात कामी आला. माझ्या श्रोत्यांना उत्तर द्यायचं तर मी हेच पुढे करीन.

ईव्हनिंग ग्रोसबीकची कथा दुःखाची. पिवळाजर्द, जाड चोचीचा, थव्याने येऊन तासाभरात फीडर रिकामा करणारा पक्षी. लोक त्याच्या खादाडपणावर वैतागत. १९८८ ते २००६ या नोंदी तपासल्या तर तो ज्या अंगणांत दिसे त्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, आणि जिथे अजून येत होता तिथेही थवा सरासरी २७ टक्क्यांनी लहान झाला होता. एका घरातून पाहिलं तर ‘यंदा आले नाहीत, पुढच्या वर्षी येतील’ एवढंच वाटणार. खंडभरचे आकडे एकत्र आल्याशिवाय ही घट कोणाच्या ध्यानात येणार?

सगळ्या बातम्या वाईटच असतात असं नाही. शिकागो परिसरातल्या १९९६ ते २०१६ या वीस वर्षांच्या नोंदींत दिसलं की शिकारी ससाणे पूर्वी सुमारे चौथाई अंगणांत दिसत, ते शेवटी सुमारे दोन तृतीयांश अंगणांत दिसू लागले. एकेकाळी बंदुकीने आणि डीडीटीने मारलेले हे पक्षी शहरात परतले, आणि झाडी किती आहे यापेक्षा खायला पाखरं किती आहेत हे पाहून टिकले. आणखी एक पाहुणा तर आपलाच म्हणायचा. मानेवर काळी अर्धी कड असलेला कंठी होला आपल्या गावाबाहेर तारांवर बसलेला तुम्ही पाहिला असेल. १९७० च्या दशकात तो बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटला, तिथून फ्लोरिडात गेला आणि पुढे जवळजवळ सगळी अमेरिका त्याने व्यापली. तिथल्या होल्यांना तो हुसकावेल अशी भीती होती. फ्लोरिडातल्या अंगणांच्या नोंदींत तसं काही दिसलं नाही.

एक गंमत सांगून पुढे जातो. फीडरवर कोण कोणाला हाकलतं हेही लोकांकडून लिहून घेतलं. १३६ जातींमधल्या ७,६५३ झटापटी जमल्या आणि २०१७ साली त्यातून सगळ्या खंडाची सीनिऑरिटी लिस्ट तयार झाली. मुख्य हिशेब वजनाचा, जो जड तो वरचढ. पण सुतार पक्षी वजनाच्या मानाने भारी पडतात. डाउनी तर मूठभर, पण हटत नाही. प्रत्येक पलटणीत असा एक नाईक असतोच!

आता आपल्याकडे. इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून विचारणा येते की आम्हीही गॅलरीत फीडर टांगून मोजू का? माझं उत्तर असं, मोजा जरूर, पण त्यासाठी दाणे टाकायलाच हवेत असं नाही. तिकडे बर्फात अन्न गाडलं जातं म्हणून पक्षी फीडरला येतात. आपल्या हिवाळ्यात शेतं-माळ पिकलेले असतात. शहरात दाणे टाकले की मुख्यतः कबुतरं येतात, आणि त्यांच्या विष्ठेचा फुप्फुसांना होणारा त्रास व कबुतरखान्यांचे वाद मुंबईकरांना मी सांगायला नको. शिवाय आपले हिवाळी पाहुणे दाणे खातातच कुठे? महूला माझ्या कुंपणावर दर हिवाळ्यात येणारा थिरथिरा शेपटी थरथरवत किडे टिपतो. हिरवळीवरचा धोबी तसाच. त्यांना दाण्याची लालूच नाही. उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि ते रोज घासा, एवढं पुष्कळ झालं.

मोजणीसाठी आपल्याकडे वाट तयार आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून भारतही त्यात आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी पाहायचं आणि दिसलेल्या सगळ्या जाती संख्येसह ‘ई-बर्ड’वर भरायच्या. वर्षभर कधीही भरता येतात. या नोंदी कपाटात पडून राहत नाहीत. २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला, तो तीस हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा त्यात आढावा आहे आणि १७८ जातींना तातडीने जपायला हवं असं त्यात म्हटलं आहे.

सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगतो. जागा एकच ठेवा, गॅलरी, गच्ची किंवा सोसायटीचा बाक. आठवड्यातला वार आणि वेळ ठरवा, आणि त्या दिवशी पक्षी असोत-नसोत, बसा. दहाच जाती ओळखता येत असतील तर दहा लिहा, न ओळखलेल्याचं नाव अंदाजाने ठोकून देऊ नका, ‘एक अनोळखी’ असं लिहा. ई-बर्डमध्ये ‘दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या का’ असा एक प्रश्न येतो, तो वाचून खरं उत्तर द्या. तुम्ही ‘हो’ म्हणालात की यादीत जे नाही ते ‘दिसलं नाही’ असं धरलं जातं, म्हणजे तुमचा निल रिपोर्ट आपोआप जातो. अमेरिकेत मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आई-बाबांनी तिथल्या फीडरवॉचमध्ये नाव नोंदवायला हरकत नाही. मुलं ऑफिसला गेली की दिवस फार लांब असतो. फक्त नळीत दाणे भरण्याआधी ती शेवटची कधी धुतली होती ते घरच्यांना विचारून घ्या.